ओझे आणि अश्वशक्ती

जुन्या मालवाहू मोटारीत कोणते इंजिन बसवावे आणि त्याला कोणता गिअरबॉक्स जोडावा, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत आढळत नाही. तो गॅरेजात विचारला जातो, आणि दोन पेले चहा संपेपर्यंत त्याचा निकाल तेथेच लागतो, असा सर्वसाधारण समज आहे. मला तो समज मान्य नाही. माझे सारे आयुष्य दंतचक्रे कापण्यात गेले. पुण्याजवळच्या एका कारखान्यात ३४ वर्षे मी गिअर बनवले, तपासले, आणि मोडून परत आलेल्या गिअरांची शवचिकित्साही केली. या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. मोडलेल्या दाताकडे पाहून मालकाचा स्वभाव पुष्कळसा सांगता येतो. अंगावर बारीक बारीक खड्डे पडून झिजलेला दात वर्षानुवर्षे सोसत आलेला असतो. मुळापाशी एका झटक्यात तुटलेला दात कुणाच्या तरी अधीरपणाची साक्ष देतो. जेथे स्वभाव उमटतो तेथे नीतीचा प्रश्न फार लांब नसतो, असे मला वाटत आले आहे.

निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने मी अमेरिकेत मुलीकडे काढतो. तिचे घर त्या देशाच्या मध्यभागी, मक्याच्या मुलखात आहे. क्षितिजापर्यंत मका, मध्ये सरळ रेघेसारखे रस्ते, आणि मैला-मैलावर एकेक घर व एकेक कोठार. शेजारच्या शेतकरी गृहस्थांच्या कोठारात १९५१ सालचा एक शेव्हरोले पिकअप उभा आहे. त्यांच्या वडिलांनी तो कोरा विकत घेतला होता. मी गिअरच्या कारखान्यात होतो हे कळल्यावर त्यांनी मला एके दिवशी कोठारात नेले आणि विचारले, "तुम्ही या जागी असता तर यात काय बसवले असते?" मी काही उत्तर दिले नाही. तेव्हापासून आठ-दहा महिने तो प्रश्न माझ्याबरोबर आहे.

आधी त्या गाडीविषयी थोडे सांगितले पाहिजे. शेव्हरोलेने ही मालिका १९४७ च्या उन्हाळ्यात बाजारात आणली आणि १९५५ च्या आरंभापर्यंत चालवली. शेजाऱ्यांची गाडी ३१०० या जातीची, म्हणजे अर्ध्या टनाची. गोलसर खांदे, पुढे पाच आडव्या पट्ट्यांची जाळी, आत तिघे दाटीने बसतील असा एकच सलग बाक. इंजिन २१६ घनइंचाचे, सहा सिलिंडर एका ओळीत, शक्ती सुमारे ९० अश्वांची. आज पुण्याच्या रस्त्यावर धावणारी एखादी लहान मोटारही इतके घोडे बाळगते. पण तिला पाठीवर पोती घ्यायची नसतात. या इंजिनाची तेल पिण्याची रीत मोठी मौजेची आहे. कनेक्टिंग रॉडच्या बुडाशी एक लहानशी पळी असते. क्रँक फिरताना ती पळी तेलातून जाते आणि बेअरिंगला तेवढेच आचमन मिळते. बेअरिंगही आजच्यासारखी पातळ कवचांची नसून बॅबिट नावाच्या मऊ धातूची, रॉडमध्येच ओतलेली. सावकाश चालणाऱ्याला ही व्यवस्था पुरते, उत्तम पुरते. तासन्तास धावणाऱ्याला ती पुरेल याची ग्वाही कोणी देत नाही.

या गाडीला चार गतींचा गिअरबॉक्स आहे. त्याचा पहिला गिअर सुमारे ७ ला १ या प्रमाणाचा, आणि मागच्या धुरेवरच्या क्राऊन-पिनियनचे प्रमाण ४.११. दोन्हींचा गुणाकार केला म्हणजे इंजिनाचे २९ फेरे होतात तेव्हा मागचे चाक एकदा फिरते. इंजिन नुसते गुरगुरत ठेवले तर गाडी ताशी दीड मैलाने चालते. शेजारी सांगत होते की त्यांचे वडील पहिल्या गिअरात गाडी सोडून खाली उतरत, शेताच्या कडेने तिच्या बरोबरीने चालत, आणि गवताचे भारे वर चढवीत. गाडी हाकणारा कोणीच नसे. ती आपल्या चाकोरीतून हळूहळू पुढे जात राही. मला हे ऐकताना बैलगाडीची आठवण झाली. घरची वाट माहीत असलेले बैल गाडीवान झोपला तरी चालत राहतात, तसेच काहीसे हे दिसले असेल.

तर प्रश्न असा की आता या गाडीत काय बसवावे. घरात मते तीन होती. शेजाऱ्यांच्या मुलाचे मत स्पष्ट होते. तो सव्विशीचा आहे, चाळीस मैलांवरच्या शहरात नोकरी करतो. त्याला ३५० घनइंचाचे व्ही-८ इंजिन हवे होते आणि त्यापाठी ७००-आर-४ नावाचा चार गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स. ही मागणी चमत्कारिक मुळीच नाही. शेव्हरोलेचे ते लहान आकाराचे व्ही-८ घराणे १९५५ साली जन्मले. त्यातले ३५० हे भावंड १९६७ साली आले, आणि आज अमेरिकेत जुन्या गाडीत दुसरे इंजिन घालायचे म्हटले की पहिल्याने त्याचेच नाव निघते. सुटे भाग कोणत्याही गावात मिळतात. शेजाऱ्यांचे स्वतःचे मत होते की कशालाही हात लावू नये. तिसरे मत त्यांच्या मातोश्रींचे. त्यांनी नव्वदी ओलांडली आहे, आणि लग्नानंतर या घरी त्या याच गाडीत बसून आल्या. त्यांनी आपले मत बरेच दिवस सांगितले नाही.

मुलगा म्हणाला, "जी गाडी घेऊन मला शहरात जाता येत नाही ती माझी कशी?" बाप म्हणाला, "तिच्यातले सगळे काढून टाकले तर ती आजोबांची कशी?" मला वाटते, वारशाचा सारा प्रश्न या दोन वाक्यांत मावतो. मुलगा आणखीही एक गोष्ट म्हणाला, ती बापाच्या जिव्हारी लागली. जशी आहे तशी ठेवणार असाल तर ठेवा, पण तुमच्यामागे मी ती विकीन. त्याच्या बोलण्यात धमकी नव्हती. तो खरे तेच सांगत होता.

आता थोडे गणित. ज्यांना नको असेल त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावे. मला तो गाळवत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची निवड वेगवेगळी करता येत नाही. प्रत्येक इंजिनाला मिनिटाच्या फेऱ्यांची आपली एक पट्टी असते आणि त्या पट्टीत ते सुखी असते. रस्त्याच्या मागण्या निराळ्या असतात. चढावर जोर हवा, सपाटीवर वेग हवा. या दोघांच्या मध्ये बसून एकाची भाषा दुसऱ्याला समजावून सांगतो तो गिअरबॉक्स. त्या काळच्या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे २८ इंच धरा. ताशी ६० मैलांना ते चाक मिनिटाला सुमारे ७२० फेरे घेते. त्याला ४.११ ने गुणले की इंजिन २,९६० वर गेले. ताशी ७० मैलांना ते ३,४५० वर जाते. २१६ ची पूर्ण शक्ती ३,३०० फेऱ्यांना येते; म्हणजे तेथील हमरस्त्यावर इतरांच्या बरोबरीने जायचे तर या पळीने तेल पिणाऱ्या इंजिनाला आपल्या शक्तीच्या शिखरापलीकडे उभे राहून तासभर धावावे लागेल. आणि चौथा गिअर सरळ १ ला १, तेथे त्याला काही सवलत नाही. उलट ७००-आर-४ च्या शेवटच्या गतीचे प्रमाण ०.७०. तीच धुरा, तेच चाक, तोच ७० मैलांचा वेग, आणि इंजिन फक्त २,४०० वर. मुलाचे म्हणणे हिशेबाला धरून होते.

पण व्ही-८ बसवायचे ठरले की पुढे काय होते ते पाहा. ते इंजिन लांबीला कमी पण रुंद. त्याचा एक्झॉस्ट डाव्या अंगाला स्टिअरिंगच्या पेटीपाशी जाऊन अडतो, तेव्हा काही कापावे लागते किंवा वळवावे लागते. नवा गिअरबॉक्स जोडायला जावे तर या गाडीचा प्रोपेलर शाफ्ट उघडा नाही. तो एका बंद नळीत आहे, आणि मागची चाके गाडीला जो पुढे लोटण्याचा जोर देतात तो त्या नळीमधूनच पुढे येतो. नवा गिअरबॉक्स या नळीला ओळखत नाही. म्हणून नळी गेली. नळी गेली की तिच्याशी एकजीव असलेली मागची धुरा गेली. दुसरी धुरा आली ती आपले ब्रेक घेऊन आली, मग पुढचे ब्रेक बदलणे प्राप्तच. रेडिएटर मोठा हवा. सहा व्होल्टची वीज पुरत नाही, बारा व्होल्टची हवी. एका पाहुण्याला बोलवावे आणि त्याचा सारा गोतावळा दारात उभा राहावा, तसा हा प्रकार. शेवटी वडिलांचे म्हणून उरते ते पत्रा, काच आणि बाक.

हे सर्व करणे वाईट, असे मी म्हणत नाही. ज्यांनी ते शेवटपर्यंत नेले आहे अशा गाड्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांतले काम पाहून मान लववावी असे कारागीर त्या देशात आहेत. वाईट आहे ते अर्धेच करणे. इंजिनाला पैसे मिळतात, ब्रेकला उरत नाहीत, ही गोष्ट तिकडेही घडते आणि इकडेही. ९० अश्वांच्या बेताने केलेल्या ब्रेकवर २५० अश्व सोडून देणारा माणूस फक्त आपला जीव धोक्यात घालीत नाही. समोरून सायकलवर येणाऱ्या पोराला त्याने विचारलेले नसते. येथे मला नीतीचा कोणताही गुंता दिसत नाही. तसे करू नये, इतकेच.

गुंता आहे तो पुढे. इतके बदलल्यावर ती गाडी तीच राहते काय? हा प्रश्न नवा नाही. मिलिंदपन्ह या पाली ग्रंथात राजा मिलिंद, म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, भिक्षू नागसेनाकडे येतो. नागसेन त्याला विचारतो की तू रथात बसून आलास, तर तो रथ म्हणजे काय? दांडी म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? चाके, सांगाडा, जू, लगाम, चाबूक असे एकेक अंग तो पुढे करतो आणि राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. अखेर राजाला कबूल करावे लागते की या सर्वांच्या आधाराने चालणारे रथ हे एक नाव आहे. हा संवाद मी तरुणपणी वाचला तेव्हा त्यातील युक्तिवादाने थक्क झालो होतो. म्हातारपणी त्या कोठारात उभे राहून तो आठवला, तेव्हा मात्र माझ्या धंद्याला शोभेल अशी एक क्षुद्र गोष्ट लक्षात आली. नागसेनाच्या त्या यादीत लगाम आहे, चाबूक आहे, घोडे नाहीत. घोडे म्हणजे रथ काय, हे विचारण्याची त्याला गरजच वाटली नाही. घोडे थकत, मरत, बदलले जात, आणि रथ तोच राही. आमच्या काळाने घोडे रथाच्या पोटात घातले, बोल्टांनी आवळले, आणि मग ते बदलावेत की नाही यावर बाप-लेकांत अबोला होऊ लागला.

कायद्याचे म्हणणे तर नागसेनाच्या अगदी उलट. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत त्या काळी गाडीच्या मालकीच्या कागदावर नंबर लिहीत तो इंजिनाचा. म्हणजे इंजिन हीच गाडी, बाकीचे सारे तिच्याभोवतीचे सामान. इंजिन बदलले की कागदावरची गाडी नाहीशी झाली. आपल्याकडे नोंदणीच्या पुस्तकात चेसिसचा नंबर आणि इंजिनाचा नंबर असे दोन्ही असतात. ही तडजोड मला अधिक शहाणपणाची वाटते, जरी ती तत्त्वज्ञानाने सुचलेली नसून चोरांच्या भीतीने सुचलेली असावी.

आपल्याकडच्या गोष्टीवरून आठवले. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला कारखाना काढला आणि तेथे शेव्हरोलेच्या मोटारी व ट्रक जोडले जात. १९५४ साली ते काम बंद पडले. पण आधीच रस्त्यावर आलेल्या त्या पेट्रोलच्या ट्रकांना थांबायला सवड नव्हती. पेट्रोल महाग, घाट अवघड, माल तर पोचलाच पाहिजे. तेव्हा पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवणे हा आपल्याकडे एक धंदाच झाला होता. पर्किन्सची डिझेल इंजिने मद्रासला सिम्पसन कंपनी १९५० च्या दशकात बनवू लागली, आणि असल्या अदलाबदलीला ती सोयीची पडत. माझ्या लहानपणी ज्याचे तोंड शेव्हरोलेचे आणि आवाज भलत्याचाच असे ट्रक घाटात सर्रास दिसत. त्या वेळी कोणा मालकाला किंवा मिस्त्रीला असे वाटले असेल काय, की आपण या गाडीचा आत्मा काढून घेत आहोत? मला शंका आहे. त्यांच्यापुढे ओझे होते. दहा टक्के चढ, पाठीवर गुळाच्या ढेपा, आणि खोपोलीत वाट पाहणारा व्यापारी. ओझे समोर असले म्हणजे इंजिनाचा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो, आणि सुटतो तो सहसा बरोबर सुटतो.

अस्सलपणाचा प्रश्न ओझे उतरल्यावर सुरू होतो. गाडीचे काम संपते, ती कोठारात जाते, आणि मग ती काय होती याची चर्चा होते. माणसांचेही तसेच होते, पण तो विषय वेगळा. २०२१ साली भारत सरकारने ५० वर्षांहून जुन्या मोटारींच्या नोंदणीसाठी नियम केले. गाडी मूळ रूपात असावी, तिच्यात मोठा फेरफार झालेला नसावा, असे त्यांत आहे. आणि असेही आहे की ती नेहमीच्या वापराला अथवा धंद्याला रस्त्यावर आणू नये. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, आणि ज्या गाड्या खरोखर एकमेव आहेत त्यांच्यासाठी तो योग्यच आहे. परंतु त्यातला अर्थ पाहा. तू जशी होतीस तशीच राहा, आणि त्यासाठी काही करू नकोस. पिकअपसारख्या गाडीला हा सन्मान कितपत मानवेल? ती जशी होती ती काम करताना होती. शिवाय यंत्राच्या बाबतीत न वापरणे म्हणजे जपणे हा हिशेबच चुकीचा आहे. उभ्या गाडीचे सील सुकतात, सिलिंडरच्या भिंतींवर गंज धरतो, टाकीत पेट्रोलचा डिंक होतो. शेजाऱ्यांनी अकरा वर्षे कशालाही हात लावला नव्हता, आणि आम्ही पाहिले तेव्हा इंजिन हाताने फिरत नव्हते. हात न लावण्याचाही एक परिणाम असतो, आणि तो बदल करण्याइतकाच पक्का असतो.

गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात इमारतींच्या बाबतीत हाच वाद झाला. रस्किनने १८४९ साली आपल्या वास्तुकलेवरील ग्रंथात जीर्णोद्धाराला सरळ खोटेपणा ठरवले. फ्रान्समध्ये पॅरिसच्या नोत्र-दामची दुरुस्ती करणारा व्हिओले-ल-द्युक उलट टोकाला. जुन्या वास्तूला पूर्णत्वाला नेणे हे काम, मग ते पूर्णत्व तिच्या अंगी पूर्वी कधी नसले तरी चालेल, अशी त्याची धारणा. शेजाऱ्यांच्या घरात बाप रस्किनचा आणि मुलगा दुसऱ्याचा अनुयायी होता, दोघांनाही त्याचा पत्ता नसताना. मला दोघांचेही पुरते पटत नाही. देऊळ पडके ठेवून पाहता येते. पडकी गाडी ही गाडीच नव्हे. आणि जी कधी नव्हती अशी गाडी तयार करणे हा आनंद असेल, पण त्याला वडिलांचे नाव कशाला द्यावे?

या घोळात मी शेजाऱ्यांना एक कामचलाऊ प्रश्न विचारला. इंजिन राहू द्या. ही गाडी घेऊन तुम्ही काय करणार आहात, तेवढे कागदावर लिहा. कारखान्यात कोणी गिअरची मागणी घेऊन आला की आम्ही पहिल्याने हेच विचारत असू, आणि निम्मे लोक तेथेच गडबडत. ताकद किती हवी हे प्रत्येकाला माहीत असते. ओझे काय आहे हे थोड्यांना माहीत असते. मनुष्य आधी सामर्थ्य विकत घेतो आणि मग त्याला शोभेल असे काम शोधत बसतो. न सापडले तर ते सामर्थ्यच त्याला त्रास देऊ लागते. हे मी मोटारीपुरते बोलतो आहे असे समजावे.

कागदावर जे आले ते फार साधे होते. रविवारी मातोश्रींना अठरा मैलांवरच्या चर्चमध्ये न्यायचे, त्यात सहा मैल हमरस्ता. जुलैमध्ये गावच्या मिरवणुकीत चालवायची, तीही माणसाच्या चालीने. शेतावर किरकोळ नेआण. मुलाने आपल्या बाजूला लिहिले: महिन्यातून एकदा शहर. झाले. या यादीत २५० अश्व कोठेच सापडेनात. तसेच ९० अश्वांनी आणि पळीने भागेल असेही दिसेना, कारण ते सहा मैल आणि ते शहर खरे होते.

मध्यम मार्ग होता, आणि तो त्या गाडीच्या घराण्यातच होता. २३५ घनइंचाचे सहा सिलिंडरचे इंजिन. १९५४ पासून शेव्हरोलेच्या ट्रकांत जे २३५ आले त्यात पळी गेली आणि सर्व बेअरिंगांना दाबाने तेल मिळू लागले. शक्ती ११२ वर गेली. थोड्या जुळवाजुळवीने ते या चौकटीत बसते, काही कापावे लागत नाही. जुना गिअरबॉक्स तसाच राहतो, नळी राहते. मागचे क्राऊन-पिनियन मात्र ४.११ चे काढून ३.५५ चे घालायचे. मग ताशी ६० मैलांना इंजिन २,५५० वर, आणि पहिल्या गिअरातली ती माणसाच्या चालीची गतीही जवळजवळ तशीच.

मी हे मांडले तेव्हा माझा भर एका तत्त्वावर होता: असे बदल करा की जे पुढच्याला उलटवता येतील. कापलेली चौकट परत येत नाही. सोडलेला बोल्ट परत आवळता येतो. पुढच्या पिढीचा निर्णय आपण आजच वापरून टाकू नये. तत्त्व ऐकायला चांगले आहे आणि मी अजूनही ते सोडलेले नाही. पण त्यावर मुलाने जे म्हटले त्याचे उत्तर मला नीटसे देता आले नाही. "सगळेच परत फिरवता येण्यासारखे करायचे, तर कोणी काही ठरवलेच नाही असे होईल. आजोबांनी ही गाडी घेतली तेव्हा परत देण्याच्या अटीवर घेतली नव्हती." विचार केल्यावर वाटते, त्याचे खरे आहे. उलटवता येणे हा गुण आहे, पण त्याच्या आड लपताही येते. आयुष्यातल्या ज्या गोष्टींनी आपण घडलो, त्यांतल्या किती गोष्टी बोल्ट सोडून परत करता आल्या असत्या?

मला दुसरी टोचणी वेगळीच होती. ते २३५ बाहेरून पाहणाऱ्याला २१६ सारखेच दिसते. व्ही-८ घातले असते तर झाकण उघडताच कोणालाही कळले असते की येथे बदल झाला आहे. म्हणजे अधिक बदल करणारा अधिक प्रामाणिक, आणि थोडा बदल करणारा थोडा फसवा, असे काही होते काय? मी ही शंका शेजाऱ्यांच्या मातोश्रींसमोर बोलून दाखवली. त्यांनी कान दिला होता की नाही कोण जाणे. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "माझे यजमान रोज संध्याकाळी रस्त्याच्या वळणावर गाडी पहिल्या गिअरात घालीत. तो गिअर कण्हत असे. तो आवाज आला की मी बटाटे उकळायला ठेवी." मग मुलाकडे वळून, "इंजिन तुला हवे ते घाल. गाडी कोठारात पूजेला ठेवायची असेल तर कोणतेही चालेल. पण तो गिअर काढू नकोस."

पहिला गिअर कण्हतो त्याचे कारण मला ठाऊक होते. त्याचे दात सरळ कापलेले आहेत. तिरके कापले की दात हळूहळू एकमेकांत शिरतात आणि आवाज विरतो. सरळ दात सबंध रुंदीने एकदम भेटतात. कारखान्यात या आवाजाला आम्ही दोष म्हणत असू, आणि तो घालवण्यासाठी मी आयुष्याची बरीच वर्षे वेचली आहेत. तो आवाज कोणाच्या स्वयंपाकाचे घड्याळ असेल, हे आमच्या तपासणीच्या कागदात बसणारे नव्हते.

२३५ मिळाले. एका मोडीत निघालेल्या ट्रकमधून निघाले आणि सध्या गावातल्या यंत्रशाळेत त्याचे सिलिंडर मोठे करण्याचे काम चालू आहे. मुलाने हट्ट धरून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि बाकाला तिघांसाठी पट्टे लावण्याचे कबूल करून घेतले, आणि त्या बाबतीत मी त्याच्या बाजूचा होतो. तो आपला व्ही-८ चा विचार पुरता सोडून बसला आहे असे मात्र वाटत नाही. गाडी माझ्या हातात येईल तेव्हा पाहू, असे तो हसत म्हणतो, आणि बाप ऐकू न आल्यासारखे करतो. जुने २१६ एका लाकडी घोडीवर ठेवून, सिलिंडरांत तेल ओतून, ताडपत्रीने झाकले आहे. कागदावरचा नंबर त्याचाच आहे. तेव्हा कायद्याने पाहिले तर आजोबांची गाडी त्या ताडपत्रीखाली आहे, आणि शेजारी चाकांवर उभे आहे त्याला अजून नाव नाही. शेजारी त्यासाठी एकदा कचेरीत जाऊन आले. चौकटीवरचा नंबर लावून नवा कागद करता येईल, पण फोटो आणि अर्ज लागतील, असे त्यांना सांगण्यात आले. अर्ज टेबलावर पडून आहे. मुलगा शनिवारी येतो तेव्हा मी त्याला डबल क्लच शिकवतो, कारण पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, आणि तो घालताना अजून खडखडाट करतो.